ब्रेक-धूळ व मोटारचाकांची निगा

मोटारगाडीचा ब्रेक लागत असताना घर्षणाने झिजणाऱ्या भागांपासून जी अतिसूक्ष्म भुकटी सुटते, तिला ब्रेक-धूळ म्हणतात. तिचा काही भाग हवेत पसरतो, काही रस्त्यावर पडतो व उरलेला चाकावर बसतो. मिश्रधातूच्या उघड्या आऱ्यांच्या चाकांवर, विशेषतः पुढील दोन चाकांवर, धुतल्यानंतर थोड्याच दिवसांत दिसू लागणारा काळसर तपकिरी थर मुख्यतः हिचाच असतो. रस्त्यावरील मातीप्रमाणे हा थर नुसत्या पाण्याने सुटत नाही व फार दिवस राहिल्यास तो चाकाच्या रोगणात रुतून बसतो. चाकांच्या स्वच्छतेचा प्रश्न वरवर केवळ शोभेचा वाटतो. परंतु ब्रेक थंड राखणे, गॅरेजमधील कारागिरांचे आरोग्य व नाल्यावाटे नदीत जाणारे पाणी या तीन गोष्टी त्याच्याशी निगडित असल्याने चाक स्वच्छ ठेवण्याचा प्रत्येक उपाय या तिन्ही कसोट्यांवर पारखून घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार करण्यास सातपूरचे उदाहरण सोयीचे आहे. नासिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर रस्त्यावर वसलेले सातपूर हे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नासिक महानगरपालिकेच्या हद्दीत येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या येथील वसाहतीत महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीचा मोटारनिर्मितीचा, सिएटचा टायरांचा व मायको म्हणून पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या (२००८ पासून बॉश) कंपनीचा डीझेल एंजिनांच्या अंतःक्षेपण सामग्रीचा, असे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या अनुषंगाने सुटे भाग बनविणारे लघुउद्योग व दुरुस्तीची गॅरेजेही येथे वाढली. येथून मुंबईकडे जाणाऱ्या वाहनांना कसारा घाट उतरावा लागतो, पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, आणि वसाहतीच्या परिसरातून वाहणारी नासर्डी (नंदिनी) नदी पुढे टाकळीजवळ गोदावरीस मिळते. ब्रेक-धुळीची उत्पत्ती, तिच्यामुळे चढणारा गंज व धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट या तिन्ही बाबी अशा प्रकारे एकाच परिसरात पाहावयास मिळतात.

ऐतिहासिक आढावा : प्रारंभीच्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांसारख्या भारतीय मोटारींत ड्रम ब्रेक वापरीत. ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले बूट ड्रमच्या आतील बाजूवर दाबले जातात व झिजेची बरीचशी भुकटी ड्रमातच साचून राहते. त्या काळची चाके ठोकीव पोलादी पत्र्याची व जाड रंग दिलेली असून मध्यभागी झाकणी असे. त्यामुळे ब्रेकची धूळ मालकाच्या नजरेस फारशी पडत नसे. ती पडे ती ड्रम उघडणाऱ्या कारागिराच्या.

डिस्क ब्रेकची कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळविले होते. १९५३ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक बसविलेली जॅग्वार मोटार विजयी झाल्यावर या पद्धतीची श्रेष्ठता सर्वांस पटली. १९५५ मध्ये आलेल्या सीत्रोएन डीएस या फ्रेंच मोटारीच्या पुढील चाकांना हे ब्रेक होते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी चकती म्हणजे डिस्क दोन बाजूंनी पॅडांच्या चिमट्यात धरली जाते. ती उघडी असल्याने वाऱ्याने लवकर थंड होते. पण त्याच कारणाने तिची भुकटीही थेट बाहेर फेकली जाते. ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची चाके १९२४ मध्ये बुगाट्टी टाइप ३५ या शर्यतीच्या मोटारीस बसविलेली होती. सामान्य मोटारींत ती पुष्कळ नंतर रूढ झाली. उघडी डिस्क आणि उजळ, रुंद फटींचे चाक यांची जोडी जमल्यावर ब्रेक-धूळ हा मालकाच्या डोळ्यांत सलणारा विषय बनला.

उत्पत्ती : धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा ब्रेक लावताना उष्णतेत रूपांतरित होते. १,४०० किग्रॅ. वजनाची मोटार तासी १०० किमी. वेगावरून थांबविल्यास सु. ५ लाख ४० हजार जूल ऊर्जा खर्ची पडते. तीच मोटार ३०० मी. उंचीचा उतार उतरते तेव्हा सु. ४१ लाख जूल, म्हणजे वरील ऊर्जेच्या साडेसात पटींहून अधिक ऊर्जा मुक्त होते. हवेचा विरोध व खालच्या गिअरात ठेवलेले एंजिन यांनी तिचा जो भाग शोषला जात नाही, तो सर्व ब्रेकवर पडतो. ब्रेक लावताना वाहनाचा भार पुढे झुकत असल्याने पुढील ब्रेकांना अधिक काम करावे लागते व म्हणून पुढील चाकेच अधिक काळवंडतात. घाटात एंजिनाच्या ओढीचा उपयोग न करता सतत ब्रेकवर पाय ठेवणाऱ्या चालकाच्या चाकांवर धूळही अधिक बसते. तापमान वाढले की पॅडमधील रेझिनाचे विघटन होऊन झीज झपाट्याने वाढते व एरवी न निर्माण होणारे एक मायक्रॉनहून पुष्कळच लहान कणही सुटू लागतात.

घटक : ब्रेक-धूळ म्हणजे केवळ पॅडांची भुकटी, हा समज अपुरा आहे. डिस्क करड्या बिडाची असते व पॅडबरोबर तीही झिजते. म्हणून लोह हा या धुळीचा प्रधान घटक होय. पॅड हे अनेक पदार्थांचे संमिश्र असते. त्यात बंधक म्हणून फिनॉलिक रेझीन, बळकटीसाठी पोलाद, तांबे, ॲरॅमिड वा खनिज यांचे तंतू, अपघर्षक म्हणून ॲल्युमिना किंवा झिर्कोनियमाची संयुगे, वंगण म्हणून ग्राफाइट व धातूंची सल्फाइडे आणि पूरक म्हणून बेरियम सल्फेट वापरतात. काजूच्या टरफलातील तेलापासून बनविलेल्या रेझिनाची भुकटीही पॅडमध्ये घालतात. कोकण, गोवा व केरळ या भागांतील काजू उद्योगाचा हा उपपदार्थ घर्षण एकसारखे राखण्यास उपयोगी पडतो. ग्राफाइट व जळालेले रेझीन यांमुळे धुळीस काळा रंग येतो, तर लोह गंजल्यावर तीत तांबूस छटा उमटते.

चाकावर होणारा परिणाम : मिश्रधातूचे चाक सामान्यतः ॲल्युमिनियमात सु. ७ टक्के सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम मिसळून ओततात. त्यावर अस्तर, रंग व सर्वांत वर पारदर्शक रोगण असे थर देतात. चाकाचे रक्षण वस्तुतः या रोगणाच्या अखंडतेवर अवलंबून असते. तापलेले, धारदार लोहकण वेगाने येऊन त्यावर आपटतात व चिकटतात. यांतील पुष्कळ कण विद्युत् भारित असतात, त्यामुळेही ते पृष्ठभागास धरून राहतात. पुढे दमट हवेत हे कण गंजतात. ओला लोखंडी तवा रात्रभर तसाच ठेवल्यास ज्याप्रमाणे त्याच्या बुडाखाली तांबूस वलय उमटते, त्याचप्रमाणे प्रत्येक कणाभोवती गंजाचा सूक्ष्म डाग पडतो. गंजताना लोहाचे आकारमान वाढत असल्याने कण अधिकच घट्ट बसतो. दगड लागून वा टायर काढताना रोगणास ओरखडा पडलेला असल्यास पाणी व क्षार आत शिरतात, ॲल्युमिनियमाचे संक्षारण सुरू होते आणि रोगणाखाली पांढरट, दोऱ्यासारख्या रेषा पसरत जातात. हा दोष धुऊन जात नाही. चाक खरवडून पुन्हा रंगवावे लागते. पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकांत तो पुसला जातो व चाकावर येऊन पडतो. पावसात धुतलेली चाके लवकर तांबूस दिसू लागतात त्याचे हे एक कारण आहे.

प्रतिबंधक उपाय : हे चार प्रकारचे असून त्यांचे गुणदोष निरनिराळे आहेत. (१) पॅडांची निवड : पोलादी तंतूंचे प्रमाण अधिक असलेली पॅडे डिस्क अधिक झिजवितात. ज्यांत पोलाद नसते व ज्यांना बाजारात बहुधा ‘सिरॅमिक’ म्हणतात, त्या पॅडांची धूळ कमी व फिकट असते. तथापि पॅडाची पहिली कसोटी गाडी थांबविण्याची आहे. कमी धुळीसाठी निर्मात्याने त्या वाहनास न सुचविलेली पॅडे बसविणे धोक्याचे ठरू शकते. (२) डिस्कवर कठीण लेप : टंगस्टन कार्बाइडाचा लेप दिलेली डिस्क २०१७ मध्ये पोर्शे कंपनीने आपल्या केयेन मोटारीसाठी उपलब्ध केली. अशा डिस्कची झीज व धूळ पुष्कळ कमी होते. मात्र तिची किंमत अधिक पडते. (३) चाकावर लेप : मेण, बहुवारिक द्रव्ये किंवा सिलिकायुक्त लेप लावल्याने धूळ येणे थांबत नाही, ती घट्ट बसत नाही एवढेच. कार्नोबा मेण ८० °से. च्या थोडे वर वितळत असल्याने तापणाऱ्या चाकावर ते फार काळ टिकत नाही. सिलिकायुक्त लेप अधिक टिकाऊ असतो. लेप चाक पूर्ण स्वच्छ व कोरडे करून, शक्यतो चाक उतरवून लावावा. मेण, तेल वा सिलिकोन यांचा थेंबही डिस्क वा पॅडावर पडू देऊ नये, कारण त्याने घर्षण एकदम घटते. (४) आडपडदा : ब्रेक व चाक यांच्यामध्ये पत्र्याची वा प्लॅस्टिकची तबकडी बसवून धूळ आतच अडविण्याची युक्ती परदेशात विकली जात असे. हिने चाक स्वच्छ राहते खरे. पण चाकाच्या फटींतून येणारा वाराही अडतो.

शेवटचा उपाय त्याज्य मानण्याचे कारण थोडे अधिक स्पष्ट करणे आवश्यक आहे. डिस्क थंड होते ती मुख्यतः वाऱ्याने. तो अडल्यास लांब उतारावर तिचे तापमान वाढत जाते, पॅडातील रेझीन वायुरूप होऊ लागते व घर्षण घटून ब्रेक ‘मंदावतो’. उष्णता ब्रेक-द्रवापर्यंत पोहोचून तो उकळल्यास नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही दाब पोहोचत नाही. सामान्य ब्रेक-द्रव नवा असताना २०५ °से. च्या वर उकळतो. पण तो हवेतील पाणी शोषून घेत असल्याने जुन्या द्रवाचा उत्कलनबिंदू १४०–१५५ °से. इतका खाली येऊ शकतो. चाकाच्या शोभेसाठी घाटात ब्रेक गमावण्याचा धोका पत्करणे कोणत्याही हिशेबाने योग्य नाही. फटी बुजविणारी शोभेची झाकणे निवडतानाही हेच ध्यानात घ्यावे.

स्वच्छ करण्याची रीत : सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत साधा आहे, तो म्हणजे आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात शक्य तर त्याहून लवकर, सौम्य साबणाने चाके धुणे. धूळ ताजी असताना जे काम साबण करतो, तेच ती रुतल्यावर तीव्र रसायनासही जमत नाही. धुण्यापूर्वी चाके व ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यावेत. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडल्यास ती असमान आकुंचन पावते व तिच्यात पीळ वा तडा येण्याचा संभव असतो. प्रथम पाण्याच्या धारेने रेती व चिखल काढावा, अन्यथा तीच रेती फडक्याबरोबर फिरून रोगणावर ओरखडे पाडते. नंतर एकेक चाक घेऊन उदासीन (अम्लही नव्हे व क्षारकही नव्हे अशा) साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशाने आरे, नटांचे खळगे व आतील कडा घासून धुवावी. चाकांचे फडके व बादली वेगळी ठेवावी. धातूचे कण अडकलेले फडके गाडीच्या रंगावर फिरविल्यास तो खराब होतो. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन चाक कोरडे पुसावे व मोकळ्या जागी गाडी सावकाश चालवून दोनतीनदा हलका ब्रेक लावावा, म्हणजे डिस्क व पॅडे सुकतात.

रुतलेल्या लोहकणांसाठी थायोग्लायकोलेट लवणे असलेले द्रव मिळतात. ते लोहाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग बनवितात व त्यांस गंधकासारखा उग्र वास येतो. जांभळा रंग हा लोह सुटत असल्याचा दर्शक असून चाक बिघडल्याचा नव्हे. हे द्रव सावलीत, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून वापरावेत व वाळण्यापूर्वी धुऊन काढावेत. याउलट हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल किंवा त्याची लवणे असलेले ‘झटपट’ स्वच्छक पूर्णतः वर्ज्य करावेत. हे अम्ल त्वचेतून आत शिरते, शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते व कित्येकदा वेदना काही तासांनंतर सुरू होतात, तोवर इजा खोलवर झालेली असते. असे द्रव अंगावर पडल्यास भरपूर पाण्याने धुऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.

घरगुती उपायांतही विवेक हवा. संडास साफ करण्याच्या द्रवातील हायड्रोक्लोरिक अम्ल ॲल्युमिनियम खाते. धुण्याचा सोडा त्यावर क्षारक म्हणून हल्ला करतो; सोड्याने घासलेले ॲल्युमिनियमाचे पातेले काळे पडते हा स्वयंपाकघरातील अनुभव सर्वपरिचित आहे. डीझेलच्या बोळ्याने पुसलेले चाक क्षणभर चमकते, परंतु मागे राहणाऱ्या तेलकट थरावर धूळ अधिकच चिकटते, टायरचे रबर खराब होते आणि डीझेल ब्रेकपर्यंत गेल्यास घर्षण घटते. तारेची घासणी रोगणच काढून टाकते. पोलादी चाकांस रंग शाबूत असेपर्यंत वरील साबणाची रीतच पुरेशी असते. रंग उडालेली जागा मात्र घासून, अस्तर देऊन लगेच रंगवावी.

धुळीवरून निदान : चाक धुणाऱ्यास ब्रेकची स्थिती सर्वांत जवळून पाहावयास मिळते. पुढील दोन चाकांवर साधारण सारखी धूळ असणे हे ब्रेक सारखे काम करीत असल्याचे लक्षण होय. एका चाकावर ती फार अधिक असून ते चाक हाताला जास्त गरम लागत असेल, तर तेथील पॅड डिस्कला सतत घासत असावे. एका चाकावर ती जवळजवळ नसेल, तर तो ब्रेक लागतच नसावा. धूळ ओली, चिकट दिसल्यास ब्रेक-द्रवाची वा ग्रिजाची गळती संभवते. नेहमीपेक्षा धूळ एकदम वाढली व घासल्याचा कर्कश आवाज येऊ लागला, तर पॅड संपून त्यामागील पोलादी पट्टी डिस्कला लागली असण्याचा संभव असतो. ही चिन्हे पुसून टाकण्यापूर्वी पाहून घ्यावीत व गाडी कारागिरास दाखवावी.

आरोग्य : विसाव्या शतकात पुष्कळ काळ ब्रेकच्या लायनरांत ॲस्बेस्टस हा प्रमुख तंतू होता. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे रोग उद्भवतात. आणि ते बहुधा दशके लोटल्यावर प्रकट होतात. यूरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टसाच्या वापरावर बंदी घातली. भारतात ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांसंबंधीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे मानले. जुन्या वाहनांत व खात्री नसलेल्या सुट्या भागांत ॲस्बेस्टस असू शकते, असे गृहीत धरूनच काम करणे श्रेयस्कर होय. ड्रम उघडून हवेच्या दाबनळीने भुकटी उडविणे ही गॅरेजांत दिसणारी सवय याच कारणाने घातक आहे. भुकटी फुंकरीने वा हवेने न उडविता ओली करून फडक्याने टिपावी, फडके पिशवीत बांधून टाकावे व काम करताना मुखावरण वापरावे. ॲस्बेस्टसरहित भुकटीही निरुपद्रवी नसते. तिच्यातील सूक्ष्म धातुकण फुप्फुसांत खोलवर जाऊ शकतात.

पाणी व परिसर : धुतलेली धूळ नाहीशी होत नाही, तर केवळ जागा बदलते. तिच्यातील तांबे मासे व इतर जलचरांना अल्प प्रमाणातही बाधक ठरते. याच कारणास्तव अमेरिकेतील कॅलिफोर्निया व वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये कायदे करून ब्रेक-पॅडांतील तांब्याचे प्रमाण २०२१ पासून ५ टक्क्यांहून व २०२५ पासून ०.५ टक्क्याहून खाली आणण्याचे ठरविले. सातपूरसारख्या ठिकाणी पावसाळी गटारातून वाहणारे पाणी नासर्डीवाटे गोदावरीकडे जाते. म्हणून मोटारी धुण्याच्या व्यावसायिक केंद्रांत गाळ बसण्याचा हौद व तेल अलग करणारा सापळा असणे इष्ट आहे. घरी चाके धुताना नळी सतत सोडून न ठेवता बादलीने धुवावे, रसायन कमीत कमी वापरावे व पाणी नाल्यात सोडू नये.

भावी दिशा : यूरोपीय संघाच्या २०२४ मधील यूरो ७ नियमनाने ब्रेकपासून हवेत जाणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी ती सामान्य मोटारींना किमी. मागे ७ मिग्रॅ. व केवळ बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींना ३ मिग्रॅ. असून नव्या प्रकारच्या मोटारींना नोव्हेंबर २०२६ पासून ती लागू करण्याचे ठरले. वर्षास १५,००० किमी. धावणाऱ्या मोटारीच्या बाबतीत ७ मिग्रॅ. ची मर्यादाही १०५ ग्रॅ. भुकटी हवेत सोडू देते, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. विद्युत् मोटारींत वेग कमी करताना चालित्रच (मोटरच) जनित्र बनून ऊर्जा बॅटरीस परत करते व घर्षण ब्रेक क्वचितच लागतो. मात्र न वापरलेली डिस्क दमट हवेत गंजते, म्हणून अशा मोटारींतही सुरक्षित जागी अधूनमधून जोराने ब्रेक लावणे हितावह असते. काही विद्युत् मोटारींच्या मागील चाकांना पुन्हा बंदिस्त ड्रम ब्रेक बसविण्यात येऊ लागले आहेत. उदा., फोक्सवॅगन आयडी ३. ज्या ब्रेकची धूळ पूर्वी आत साचे, त्याचाच तो गुण आता उपयोगी ठरत आहे.

घर्षणाने गाडी थांबविली जाते तोवर ब्रेक-धूळ निर्माण होतच राहणार. ती मुळात कमी व्हावी यासाठी घाटात खालचा गिअर, निर्मात्याने सुचविलेली पॅडे व पुढचे पाहून हाकणे; बसली असता नियमित सौम्य धुणे; आणि ब्रेकचा वारा अडविणारी वा माणसास अपाय करणारी कोणतीही युक्ती न योजणे, हा चाकांच्या निगेचा व्यवहार्य मार्ग होय.